माझे आकडे आणि योरिस

"ही खुर्ची कुणाची आहे का?"

मी इतकी दचकले, की कॉफी लॅपटॉपवर सांडता सांडता राहिली.

"नाही... बसा ना."

तो बसला. कोट भिजलेला, चष्म्यावर वाफ. त्यानं हातातलं वाफल, म्हणजे जाळीदार गोड केक, मोडून अर्धं माझ्यापुढे सरकवलं. "घ्या. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

"भाषण होईपर्यंत कुठलं खाणं!"

तो हसला. छान हसला मेला... पण मला त्या घडीला छान-बिन काही सुचत नव्हतं. गेंट शहराच्या विद्यापीठात, याच वर्गात, अकरा वाजता मला साठ माणसांपुढे बोलायचं होतं. हजारो फाइलींतून हवा तो शब्द शोधून देणारा एक प्रोग्राम आम्ही हौशी मंडळी मिळून घडवतो. तो फाइल तुकड्या-तुकड्यानं वाचतो. मी म्हणत होते, अख्खी फाइल एकदम मेमरीला जोडा, तिप्पट वेगानं काम होईल. पटलं तर मी, ऑस्टेंड गावच्या वाचनालयात काम करणारी फेम्के, पहिल्यांदाच त्यात काहीतरी माझं घालणार होते. नाही पटलं तर साठ माणसं हसणार होती. आणि त्यांत तो योरिस असणार होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण प्रोग्राममधल्या नव्या बदलांची मंजुरी त्याच्याच हातात.

"शेवटची मोजणी चाललीये," मी म्हटलं. "जुनी पद्धत नऊ सेकंद, माझी तीन."

तो पडद्याकडे वाकला. खांद्याला खांदा लागला... मी सरकले नाही.

"आधी कोणती चालवता?"

"जुनी. मग माझी. नेहमीच."

"आणि मध्ये मेमरी रिकामी करता?"

अगं बाई! पहिल्या फेरीत फाइली डिस्कवरून ओढून आणायचं सगळं कष्टाचं काम जुनीनं केलं होतं. फाइली मेमरीत तशाच राहिल्या, आणि माझी पद्धत नुसती आयत्या ताटावर बसली होती! मेमरी रिकामी केली, पुन्हा चालवली. साडेनऊ सेकंद. जुनीपेक्षाही हळू!

"मी पळून जाऊ?"

"दार उघडंच आहे," तो म्हणाला, "पण बाहेर पाऊस फार आहे."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! तो योरिस मला कच्ची खाईल."

"इतका वाईट आहे तो?"

"राक्षस आहे! लिहितो तेव्हा साधं 'नमस्कार'सुद्धा म्हणत नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "नमस्कार," तो हळूच म्हणाला. "मी योरिस."

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

फळ्यापाशी कशी पोचले, देव जाणे. "माझे... माझे आकडे चुकलेत," मी म्हटलं, आणि कसे चुकले ते सगळं सांगून टाकलं. मागून एक पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या, "मी तर दोन वर्षं असंच मोजत होते हो!" साठही माणसं हसली, पण मला नाही. मग टाळ्या पडल्या.

योरिसनं मला जिन्यात गाठलं.

"एक सांगायचंय... चूक मला आठ दिवसांपूर्वीच कळली होती. तू पाठवलेला बदल मी घरी मोजून पाहिला होता."

"काय! मग कळवलं का नाहीस?" रागाच्या भरात मी अरे-तुरेवर आले होते.

"पत्र लिहिलं. पुसलं. परत लिहिलं... तुला कळलं असतं, तर तू भाषण रद्द केलं असतंस. आलीच नसतीस." तो जिन्याच्या पायरीकडे बघत बोलत होता. "वर्षभर तुझी पत्रं वाचतोय, फेम्के. एकदा तरी तुला बघायचं होतं. पण तुला सगळ्यांपुढे तोंडघशी पडू देणं जमेना. म्हणून भाषणाआधी विचारत विचारत तुला शोधलं."

"अरे, मी भीतीनं अर्धी मेले ना!"

"मी पुरता."

तो चष्मा काढून पुन्हा पुसायला लागला. एवढा दरारा असलेला माणूस... आणि माझ्या एका शब्दाला घाबरलेला! मी त्याचे हात धरले.

"पुढच्या वेळी नुसतं 'ये' म्हणून लिही."

"येशील?"

"घाबरत घाबरत," मी म्हटलं, "पण येईन."