न वाळणारा जोड

फिक्या हिरव्या रंगाच्या दोन सुया.

रिकामं केलेलं कपाट.

तळहातावर तळहात घासल्याचा आवाज.

"आई, तू आत्ता थुंकलीस?"

दोरीवर टाकलेला बाळाचा स्वेटर... सगळा वाळलेला. फक्त बोटभर जागा सोडून.

हे सगळं एकाच घरातलं आहे. आमच्या आत्याच्या.

आत्याला गोष्टी रचता येत नाहीत. साधा विनोद सांगायचा तरी शेवट यायच्या आधी स्वतःच हसत सुटते. म्हणून तिने हे सांगितलं तेव्हा आमच्यापैकी कुणीही "काहीतरीच काय" म्हटलं नाही.

आणि ही रात्रीबित्रीची गोष्ट नाही. हिवाळ्यातली भर दुपार. तिसरा मजला. शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू.

आत्याला नाद विणकामाच्या जुन्या नमुन्यांचा. पूर्वी लोकरीच्या दुकानात मिळायच्या ना, तसल्या पातळ पुस्तिका. वर केसांचा फुगा काढलेली बाई, नाहीतर स्वेटर घालून उगाच लांब कुठेतरी बघणारा, पाइप ओढणारा पुरुष. आतल्या खोलीतलं कपाट भरलं. मग पलंगाखाली. मग पलंगावर.

"या पाइपवाल्यांची पानंही मांड आता जेवायला," तिची मुलगी म्हणायची. ही आमची ताई.

ताईला दिवस गेले. बाळंतपण आईकडेच करायचं ठरलं, आणि रिकामी करता येईल अशी खोली ती एकच. आत्याने जड मनाने कबूल केलं. बाळ यायच्या आत नमुने घराबाहेर.

आणि त्याच आठवड्यात आत्याबाई आणखी एक खोकं घेऊन आली.

"शेवटचं."

"दारुडेपण असंच म्हणतात, आई."

खोकं एका वारलेल्या म्हातारीचं. तिची सून घर आवरत होती, तिने देऊन टाकलं. वर पुस्तिका. तळाशी, हिरव्या सुयांवर तसाच राहिलेला बाळाचा अर्धा स्वेटर.

पुस्तिकांचे कोपरे चिकट होते.

पान उलटायला अंगठा जिभेला लावतात ना काहीजण? तसं वर्षानुवर्षं केलेलं. कागद तिथे पिवळा, मऊ, बुळबुळीत. आत्याने एकच पान उलटलं आणि हात साबणाने धुतला. परत धुतला.

वास गेला नाही. न घासलेल्या तोंडाचा वास...

आता विणणाऱ्यांचा एक नियम असतो. दुसऱ्याचं अर्धवट काम पुढे न्यायचं नाही. उसवायचं, लोकर धुवायची, मग नव्याने टाके घालायचे. प्रत्येकीचा हात वेगळा, वीण कुठे घट्ट तर कुठे सैल होते. आत्या हे दुसऱ्यांना शिकवते.

पण पाठ तयार होती. एक बाही तयार होती. इतकी सुबक की उसवायला जीव होईना. आणि ताईचे दिवस भरत आले होते.

म्हातारीची लोकर संपली तिथे आत्याने आपली लोकर जोडली.

गाठ नाही मारली. बाळाच्या अंगाला गाठ टोचते. जुनी रीत वेगळी आहे. दोन्ही टोकं पिंजायची, एकावर एक ठेवायची, तळहातावर थुंकायचं आणि दोन्ही हातांनी चोळायचं. चांगलं गरम होईपर्यंत. टोकं एकजीव होतात, जोड शोधून सापडत नाही.

"शी! माझ्या बाळाला तुझी थुंकी घालणार?"

"धुणार आहे गं. तुझे सगळे स्वेटर असेच झालेत. मेलीस का?"

स्वेटर झाला. धुतला. दोरीवर टाकला.

संध्याकाळी काढायला गेली तर सगळा खडखडीत वाळलेला... आणि जोडाची जागा ओली.

दुसऱ्या दिवशीही ओली.

तिने इस्त्री दाबून धरली. चर्र झालं, वाफ निघाली, आणि वाफेबरोबर तो वास. घरभर.

त्या दुपारी आत्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ताई बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं.

थू...

मग घासल्याचा आवाज. तळहात. सावकाश, मन लावून.

"आई, तू आत्ता थुंकलीस?" ताईने पडल्यापडल्याच बंद दाराकडे बघून विचारलं.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. कोपरापर्यंत साबण.

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

घासणं चालूच होतं.

आत्याने दार ढकललं. आवाज थांबला. खोलीत कुणी नाही. नमुन्यांचे ढीग, आणि पलंगावर स्वेटर.

आता बाहीवरही ओल होती. गळ्याशी होती. पाठीवर होती. तिने एकच जोड केला होता.

बोट लावलं, उचललं... बोटाबरोबर लाळेची तार आली. लांब. तुटेचना.

आत्या बेसिनपर्यंत धावली. ओकारी येत राहिली, बाहेर काही पडेना. निदान थुंकावं म्हटलं...

थुंकीच नव्हती.

जीभ टाळूला चिकटलेली. तोंड आतून कोरडं ठक्क.

तिने कात्री घेतली आणि म्हातारीची लोकर आपल्या लोकरीपासून कापायला बसली. जोड कापला, उसवला. हातभर लोकर निघाली की पुढचा जोड. ओला. तो कापला की आणखी एक. बोटं चिकट झाली, कात्रीची पाती एकमेकांना चिकटायला लागली. शेवटी सगळं खोकंच, स्वेटरसकट, पिशवीत बांधून खाली नेलं. कचऱ्याच्या गाडीत ते दाबलं जाईपर्यंत ती हलली नाही.

बाकीचे नमुने न्यायला ओळखीतल्या एका चष्मेवालीला बोलावलं. ही आत्यासारखीच नमुनेवेडी, नमुन्यांच्या अदलाबदलीतून भेटलेली.

"काकू, सगळं? नक्की? हा पाइपवाला तर तुम्ही मला हातसुद्धा लावू देत नव्हता."

"ने गं बाई. आज ने."

"रडताय का तुम्ही?"

"नाही. पाणी दे जरा."

कपाट फिनेलने पुसलं. खोली धुतली. ताईला मुलगा झाला. गोरागोमटा, वजन चांगलं. आत्याने बारशाचा म्हणूनसुद्धा एक टाका घातला नाही. सुया दिसल्या तरी ती तोंड फिरवते.

तोंड अजून कोरडंच आहे. डॉक्टर म्हणाले, तपासण्या व्यवस्थित आहेत, वय झालं. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय ती जिनाही उतरत नाही.

ताई अजून तिथेच आहे. बाळाला दात येतायत. या वयात पोरांची लाळ कशी गळते, तुम्हाला माहीत आहे. म्हणून हौसेने लाळेरी आणली होती. सगळी अजून कोरी, घडी घातलेलीच आहेत.

"काय शहाणं बाळ आहे माझं," ताई हसते. "आजीचं धुणं वाचवतंय."

आत्या हसत नाही. बाळाच्या ओठांवरून पाण्यात भिजवलेलं बोट फिरवते. बाळ ते आधाशासारखं चोखतं.

दुपारी ते निजलं की ती आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहते. कपाटात आता त्याचे कपडे असतात. कपाट बंद असतं.

थू... कधी येतो कपाटातून आवाज, कधी नाही. घासल्याचा मात्र येतोच.

खोकं देताना त्या म्हातारीची सून सहज म्हणाली होती, सासूबाईंच्या तोंडाला शेवटी थेंबभर ओल नव्हती, ओला कापूस ओठांना लावावा लागायचा.