मैथिलीच्या रक्तातली दुसरी

पडद्यावर अक्षरे आली: 'नमुन्यात दोन व्यक्ती.'

सरांनी यंत्राची खोबणी कापसाने पुसली आणि मैथिली बिरनाळेला पुन्हा बोट ठेवायला सांगितले. मुंगी चावावी तसे टोचले. पुन्हा दोन. तिसऱ्यांदाही दोन. मागे रांगेत उभी असलेली सातवीची मुले माना उंचावून पडद्याकडे बघू लागली. दर वर्षीची साधी रक्ततपासणी होती ती. प्रत्येकाच्या वेळी नाव आणि रक्तगट येत होता. दोन व्यक्ती फक्त हिच्याच वेळी आल्या.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग तिला अहोजाहो करू लागला. "तुम्ही दोघी बसा." "तुमच्यापैकी गृहपाठ कोणी केला?" मैथिलीने आरशात बघणे सोडले. डबा खाताना तिला वाटायचे, हा घास आपल्यालाच मिळतो आहे ना?

मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. यंत्र बरोबर होते. तिच्या रक्तात लाखात एखादी पेशी तिची नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, अपाय काही नाही, पण नको असतील तर पेशीझाडणी (शरीरातल्या परक्या पेशी वेचून काढण्याचा उपचार) करता येईल. सोमवारची वेळ मिळाली. काढून टाकण्याआधी मैथिलीला एकच हवे होते. ती दुसरी कोण आहे ते कळायला हवे होते.

म्हणून शनिवारी दुपारी ती वडिलांबरोबर मिरजेला आमच्या घरी आली.

माझी बायको तृप्ती मानववंशशास्त्रज्ञ होती (माणसे कशी राहतात, नाती कशी जोडतात, याचा अभ्यास त्यांच्यातच राहून करणारी). प्रयोगशाळेच्या मदतीने जन्मणारी मुले, गोठवून ठेवलेली बीजे, जनुकांची दुरुस्ती, हा तिचा चौतीस वर्षांचा विषय. पण ती प्रयोगशाळेत क्वचितच बसे. बाहेरच्या बाकावर बसे. मैथिलीच्या जन्माआधी बिरनाळे तिला तिथेच भेटले होते. आत डॉक्टर पेशींकडे बघत आणि ती बाकावर वाट पाहणाऱ्या माणसांकडे बघे. ती मागच्या वर्षी गेली. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. मुलीचा प्रश्न अर्धा माझ्या कामातला होता, अर्धा तिच्या.

मैथिली खुर्चीच्या कडेवर बसली. उजवा हात तिने अंगापासून जरा लांब धरला होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा असावा.

"आजोबा, ती आत जागी असते का?"

"नाही. पेशीला डोळे नसतात, मन नसतं. तुझ्या नखालाही नसतं ना, तसंच."

"पण ती जिवंत आहे."

"जिवंत आहे. ते खरं आहे." मुलांशी खोटे बोलू नये असे तृप्ती म्हणायची.

बिरनाळे म्हणाले, "आईशी जुळवून पाहिलं, काका. जुळलं नाही. माझ्याशी तर नाहीच."

"जुळणार नाही. बीज तुम्हा दोघांचं, पण वाढ दुसऱ्या बाईच्या पोटात झाली ना?"

"हो. तिला ते पहिल्यापासून सांगितलंय. पण त्या बाईंचं नाव आम्हालाही माहीत नाही. दोन्हीकडून तसं लिहून घेतलं होतं."

मी मैथिलीला नीट सांगायला बसलो. बाळ पोटात असते तेव्हा त्याचे रक्त आणि त्या बाईचे रक्त एकत्र वाहत नाही. मध्ये वार असते (बाळापर्यंत अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव). वार चाळणीसारखी असते. पण एकाच बैलगाडीत गव्हाचे आणि शाळूचे (ज्वारीचे) पोते शेजारी ठेवून नऊ महिने खडबडीत रस्त्याने नेले, तर काय होईल?

"शाळूचे चार दाणे गव्हात जातील," ती म्हणाली.

"तेच झालंय. त्यातल्या काही पेशी शरीरात मुरतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पूर्वीच्या यंत्रांना दिसत नव्हत्या इतकंच. ज्या मुलांना आईनंच पोटात वाढवलं त्यांच्यातही आईच्या पेशी सापडतात. आता यंत्रं बारीक झालीत. पुढच्या वर्षी तुझ्या वर्गात आणखी दोघंतिघं निघतील. मग त्यांना अहोजाहो करायला कोण उरणार ते बघू."

ती हसली नाही. "म्हणजे त्या बाई माझ्यात आहेत. त्यांना माहीत पण नाही."

तृप्ती अशा बायकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवी, पण त्यांवर खरी नावे कधीच लिहीत नसे. खोटे नाव जिचे तिने निवडायचे, असा तिचा नियम होता. बिरनाळ्यांनी सांगितलेल्या महिन्याच्या मुलाखती मी काढल्या. एकीचे नाव होते 'कलेक्टरीण'. बाळंतपणाची तारीख फक्त तिचीच जुळत होती. तृप्ती गेल्यापासून मी एकही मुलाखत लावली नव्हती. ही लावली.

आधी पंख्याचा आवाज आला. मग माझ्या बायकोचा. "चालू झालंय. बोला, कलेक्टरीणबाई."

मी खिडकीकडे तोंड केले.

"काय बोलू, मॅडम? ते डाक्टरांचं यंत्र पोटाला लावलंय, त्याचंच ऐका की."

मग खोलीत धपधप, धपधप असा आवाज भरला, पाण्याखाली कोणी घाईने धावत असावे तसा. मैथिलीने खुर्ची घट्ट धरली.

"हे काय आहे?"

"तू आहेस," मी म्हणालो. "जन्माच्या दोन महिने आधीची."

ती आवाज थांबेपर्यंत हलली नाही. ज्या घरात ती पहिल्यांदाच आली होती, तिथे तिचे काळीज तेरा वर्षे कपाटात पडून होते.

मग ती म्हणाली, "मला त्यांचं नाव हवंय."

नाव माझ्याकडे होते. खोट्या नावांसमोर खरी नावे लिहिलेली एक निळी वही तृप्तीने वेगळी ठेवली होती. 'मी गेल्यावर ही जाळून टाक' असे तिने मला दोनदा सांगितले होते. मी जाळली नाही. अक्षर तिचे होते. वही जाळायला हात झाला नाही, ही माझी चूक. आता एक घाबरलेली मुलगी समोर बसली होती आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कपाटात होते. द्यायला किती सोपे होते.

"देता येणार नाही, बाळ."

"का? तुमच्याकडे आहे ना?"

"आहे. पण नाव त्या बाईंचं आहे. माझं नाही, आजीचं पण नव्हतं. मी त्यांना विचारतो. त्या नको म्हणाल्या तर नको."

"आणि फोनच उचलला नाही तर?"

"तर सोमवार पुढे ढकला आणि पुन्हा विचारू."

मी आतल्या खोलीत गेलो आणि फोन लावला. नंबर वहीतलाच, तेरा वर्षांपूर्वीचा. उचलला. मी कोण ते सांगितले. "कलेक्टरीणबाई का?" असे विचारले तेव्हा पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मॅडम कशा हायत?"

सांगितले.

"आगं आई," एवढेच त्या म्हणाल्या. मग मी मुलीबद्दल, पेशींबद्दल, सोमवारबद्दल सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"नाव नगा सांगू. माझ्या घरात कुणाला ठावं न्हाई. पर बोलते मी. द्या तिला."

मी फोन बाहेर आणून, स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

मैथिली फोनकडे वाकली आणि म्हणाली, "तुमच्या थोड्या पेशी माझ्यात राहिल्यात."

"व्हय, सांगितलं मला. तरास देत्यात का?"

"नाही."

"मग बरं. मी घरात लई तरास देती म्हणत्यात सगळी."

मैथिलीच्या ओठांचा कोपरा हलला. ती म्हणाली, "आजोबा, दाणे एकाच बाजूला गेले असतील का?"

हा प्रश्न मी तिला विचारणार होतो. तिने आधी विचारला.

"नाही," मी म्हणालो. "बाळाच्याही पेशी बाईकडे जातात. तिथेही वर्षानुवर्षं टिकतात."

फोनवर श्वास ऐकू आला. "मंजे ही पोरगी माझ्यात बी हाय?"

"असेल. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण बहुतेक आहे."

"मला सांगितलं हुतं, सगळं दिऊन टाकायचं, काय ऱ्हात न्हाई म्हणून. सही केल्ती." मग त्या मैथिलीला म्हणाल्या, "पोरी, तुझ्यातलं काढायचं का ठिवायचं ते तुझं तू बघ. अंग तुझं हाय. मी काय म्हणणार न्हाई. पर माझ्यातलं मी काढणार न्हाई."

फोन बंद झाला. बिरनाळे जमिनीकडे बघत होते. मैथिलीचे दोन्ही हात आता मांडीवर होते.

"बाबा, सोमवारी नको. मी मोठी झाल्यावर ठरवीन. तेव्हाही काढता येतील ना, आजोबा?"

"येतील. तोवर उपचारही सुधारलेला असेल."

"आणि वर्गात मी सांगू का सगळ्यांना? नाव न सांगता?"

"सांग. दाण्यांचं सांग, पटकन कळेल."

निघताना ती दारात थांबली. तिच्या मनात काहीतरी चालले होते.

"आजोबा, मग आजी पण असतील कुणात तरी. त्यांना बाळ होतं का?"

"मुलगी आहे. हुबळीला असते."

"मग तिच्यात आहेत. जिवंत."

तीस वर्षे मी रक्ताच्या बाटल्या हाताळल्या. आत्ताच तासभर या मुलीला हेच समजावत होतो. पण स्वतःच्या घराला ते लावून पाहिले नव्हते. मी मान हलवली.

ती गेली. मी दार लावले, खुर्चीत बसलो आणि हुबळीला फोन लावला.

"काय झालं, बाबा? बरे आहात ना?"

"बरा आहे. तुला वेळ आहे का? आधी थोडं वारेबद्दल सांगावं लागेल."

"सांगा," ती म्हणाली. पलीकडे तिने खुर्ची ओढल्याचे ऐकू आले.