तिसरा रकाना

"भोक कुठे गेलं?"

त्यानं कोट खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं फिरवून पाहिली. मी टेबलामागे हाताची घडी घालून उभी होते. हा क्षण मला फार आवडतो. मी रफू करते. गिऱ्हाईक स्वतःच्याच कपड्यातलं भोक शोधत राहतं आणि त्याला ते सापडत नाही, याहून मोठी शाबासकी आमच्या कामात नाही.

"शोधा, शोधा," मी म्हटलं. "सापडलं तर पुन्हा करून देईन."

"पण इथेच होतं. काखेच्या खाली, चांगलं बटणाएवढं."

"कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढले आणि त्यांनीच विणलं. बाहेरचा धागा घातला की रंग चुगली करतो. पण एवढं नेमकं गोल भोक पडलं कशानं?"

तो जरासा लाजला. "कर्कटकानं. फळ्यावरचं असतं ना, मोठं, लाकडी... ते काखेत धरून जिना चढत होतो."

मला हसू आवरेना. तोही हसला, पण कोटाकडे पाहून त्याचं हसू मावळलं. "अगदी बेमालूम झालंय. आता कळणारच नाही इथे काय झालं होतं ते."

"तेच तर माझं काम!"

"हो... ते खरं," तो म्हणाला आणि निघाला. दारात एकदा वळून पाहिलंन्. कोटाच्या खुंटीकडे की माझ्याकडे, ते काही कळलं नाही. इतकं सुंदर काम करूनही माणूस खूश का दिसला नाही, या विचारानं माझं डोकं दिवसभर तापलेलं राहिलं. सुई दोनदा बोटात घुसली.

तशी मी त्या दिवसांत कुठल्याही कारणानं तापत होते. कारण घरात होतं आणि त्याचं नाव भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. हे नाव तिला मीच ठेवलं, कारण ती एका जागी पाच मिनिटं बसली तर शेजारी विचारायला येतात, बरी आहे ना म्हणून. त्या वर्षी ती नववीत गेली. जुनी छोटी शाळा सुटली, हायस्कूल सुरू झालं. आठ विषय, आठ शिक्षक, दर तासाला वेगळी वही. जुन्या शाळेत परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ केलं की निभत होतं. इथे पहिल्याच चाचणीत गणितात पंचवीसपैकी सहा पडले.

आमची आई दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे. बाबा नाहीत. भिंगरीची जबाबदारी माझ्यावर. सहा मार्क ऐकल्यावर आई फोनवर म्हणाली, "सहामाहीत गणितात पास झाली तर ठीक. नाही तर मी तिला इकडे वसतिगृहात घालते. तुझं दुकान, तुझं घर, तुझ्यानं कुठवर होणार गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. भिंगरी गेली तर त्या दोन खोल्यांत मी कुणावर ओरडणार होते?

चाचणीत नापास झालेल्यांच्या पालकांना शनिवारी बोलावलं होतं. मी भिंगरीला घेऊन धापा टाकत जिना चढले, नववीच्या वर्गात शिरले, आणि टेबलामागे तोच कोट बसलेला होता.

"तुम्ही?" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

भिंगरी माझ्या कानाशी लागली. "ताई, हेच ते कर्कटक सर." त्यांच्या लांब पायांमुळे अख्ख्या वर्गानं त्यांना हेच नाव दिलं होतं. मी तिला चिमटा काढला. सरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं, पण त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी एक कोरी वही पुढे ठेवली. पानावर तीन रकाने आखलेले. चूक काय, का झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय.

"ही चुकांची वही. घरी जे गणित चुकेल ते इथे लिहायचं. बरोबर आलेलं नको. दर शनिवारी पालकांनी सही करून आणायची."

"आणि चुकलंच नाही तर?"

"तर मी शाळा सोडून तुमच्याकडे रफू शिकायला येईन," ते म्हणाले. बोलून झाल्यावर तेच गडबडले. मीही उगाच पर्स उघडून बंद केली.

त्या रात्री तो कोटच डोळ्यांपुढे... नको, रात्रीचं सोडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कंबर कसून बसले. भिंगरी गणित सोडवायची, मी तपासायची. आणि इथे माझ्या हातानं घात केला. विसकटलेलं काही समोर दिसलं की माझी बोटं शिवशिवतात. पेन्सिलीनं लिहिलेल्या चुका मी खोडरबरानं पुसायची, तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून बरोबर आकडे भरायची, आणि एखादी किरकोळ चूक शोभेपुरती ठेवायची. आई नाराज होऊ नये, सरांनी नाक मुरडू नये, एवढंच मनात. आणि खरं सांगायचं तर... वही सुबक दिसावी असंही वाटायचं. ती कुणाच्या हातात जाणार होती ना!

तिसऱ्या शनिवारी सरांनी भिंगरीला पाणी प्यायला पाठवलं. वही उचलून खिडकीच्या उजेडात धरली, अगदी कोट धरला होता तशीच. पानावरून बोट फिरवलं.

"भोक कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

मी वहीकडे हात नेला, त्यांनी ती सोडली नाही.

"वर्गात ही रोज वजाबाकीचं चिन्ह कंसाबाहेर काढताना चुकते. वहीत एकदाही नाही. तुम्ही हिच्या वहीला रफू केलंय."

"मी फक्त थोडी मदत..."

"कपड्याचं ठीक आहे हो. पण ती कुठे अडते तेच मला दिसलं नाही, तर मी शिकवू काय?"

मला इतका राग आला! त्यांचा नाही, त्यांच्या बरोबर असण्याचा. "तुम्हाला काय जातंय बोलायला?" मी म्हटलं. "सहामाहीत नापास झाली तर आई नेणार आहे तिला. वसतिगृहात. तुमच्या पटावरचं एक नाव कमी होईल. माझं घर रिकामं होईल." मी वही ओढून घेतली आणि तरातरा जिना उतरले.

रविवारभर मला काही सुचेना. उठून खिडकीशी जायचं, परत येऊन बसायचं. भिंगरी म्हणाली, "ताई, आज भिंगरी तू आहेस." मग मी कपाटातला खोडरबर काढला, कचऱ्यात टाकला, आणि तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली नाही. हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

तिला जवळ घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे.

मग आम्ही आमची रीत काढली. रफूला मी हातभर लांब दोरा ओवते. तो संपायला वीस मिनिटं लागतात. एक दोरा संपेपर्यंत भिंगरीनं गणितावरून उठायचं नाही, मी सुईवरून उठायचं नाही. दोरा संपला की ती घरभर नाचायला मोकळी. रोज दोन दोरे गणिताचे, एक दोरा दुसऱ्या विषयाचा, आणि वर्गात जे शिकवलं ते त्याच दिवशी. पहिल्या आठवड्यात तिनं दोरा संपला का हे अकरा वेळा विचारलं. चौथ्या आठवड्यात दोरा संपलेला मीच सांगायची आणि ती म्हणायची, "थांब गं, एवढं होऊ दे."

वही मात्र भयंकर झाली. पानंच्या पानं चुकांची. 'का झाली' या रकान्यात 'घाई', 'घाई', 'खिडकीतून मांजर दिसलं', 'घाई'. भांडणानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी ती सरांपुढे आपटली. "घ्या. हवी होती ना भोकं?"

त्यांनी एकेक पान वाचलं. मांजराशी थांबले, हसले. "सुंदर वही आहे," म्हणाले. मग खाली बघत, "त्या दिवशी मी फार टोचून बोललो. कर्कटकच म्हणतात ना मला."

"तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

यानंतरचे शनिवार दहा मिनिटांचे राहिले नाहीत. भिंगरी मैदानात पळायची आणि आम्ही वहीवर बोलायचो. म्हणजे सुरुवात वहीवर. बाहेर कधी वारा सुटलेला असायचा, कधी भुरभुर पाऊस. ते खिडकी लावायला उठायचे आणि परत येताना खुर्ची थोडी अलीकडे ठेवायचे. मला कळायचं. त्यांना वाटायचं मला कळत नाही.

एकदा मी विचारलं, "शिपाईकाका मला ताई म्हणतात. ऑफिसातल्या बाई ताई म्हणतात. अख्खी शाळा म्हणते. तुम्हीच एकदाही म्हणाला नाहीत."

"हो का?"

"हो. पाहुण्यासारखं 'अहो' म्हणता, नाही तर 'तुम्ही' करून वेळ मारून नेता. का बरं?"

त्यांनी खडूचा तुकडा या हातातून त्या हातात घेतला. "हा प्रश्न... अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

"पण उत्तर तर असेल ना?"

"आहे. सहामाहीनंतर सांगतो."

त्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या निळ्या शालीला हिरवा दोरा लावला.

आणि मग परीक्षेच्या आधीच्या शनिवारी ते एकदम परके झाले. वही पाहिली, सही केली, ती स्वतःजवळच ठेवून उभे राहिले. "पुढचे तीन शनिवार येऊ नका. निकाल लागेपर्यंत आपण भेटू नये हे बरं." माझ्याकडे न बघता बोलले.

"का? भिंगरीचं काही..."

"कृपा करून काही विचारू नका."

झालं! माझा जीव थाऱ्यावर राहीना. तिला पास करणं यांच्या हातात नाही आणि यांना ते मला तोंडावर सांगवत नाही, म्हणून हे टाळताहेत. की मीच जास्त बोलले? ताईचं विचारायला नको होतं... परीक्षा झाली. भिंगरी म्हणाली, "एक गणित राहिलं, बाकी लिहिलंय." आईचा फोन रोज यायचा. मी फाटलेलं एकच उपरणं तीन दिवस उसवत आणि विणत होते.

निकालाच्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. सर वर्गात खिडकीशी उभे होते. भिंगरीच्या हातात पेपर होता आणि ती रडत होती.

"बेचाळीस," ती हुंदके देत म्हणाली. "ताई, पस्तीस लागतात. मला बेचाळीस!"

तिला उचलून गरकन फिरवावं म्हटलं तर ती माझ्याएवढी झालेली. आम्ही दोघी नुसत्याच वेड्यासारख्या हसलो. "आईला फोन कर, पळ," मी म्हटलं आणि ती ऑफिसकडे सुसाट सुटली.

मी पेपर उलटून पाहिला. कोपऱ्यात सही वेगळीच होती. दहावीच्या गणिताच्या बाईंची. चौथ्या गणिताचा एक मार्क कंसातल्या चिन्हापायी कापलेला.

"हा तुम्ही तपासलाच नाही?"

"नाही." ते अजून खिडकीकडेच तोंड करून होते. "परीक्षेआधीच मुख्याध्यापिकांना सांगितलं, या एका मुलीचा पेपर माझ्याकडे नको. कमी पडले असते तर मी दोन मार्क वाढवले असते. हात आवरला नसता."

"भिंगरीसाठी?"

"तिचं घर रिकामं होऊ नये म्हणून. म्हणजे तुमचं." ते वळले. नेहमीसारखे कान लाल. "मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं. तोंडानं सांगता येईना. म्हटलं, लिहून देतो. पण त्यांना दाखवण्याआधी... तुमची सही लागेल."

चुकांची वही त्यांनी माझ्यापुढे उघडली. शेवटचं पान. भिंगरीच्या अक्षराखाली त्यांचं सरळ, आखीव अक्षर.

चूक काय: शनिवारची वाट सोमवारपासून पाहणे. काही काम नसताना रफूच्या दुकानावरून तीनदा जाणे. सगळी शाळा जिला ताई म्हणते तिला ताई न म्हणणे.

का झाली: प्रेमात पडलो.

तिसरा रकाना कोरा होता.

"तो का नाही भरला?" मी विचारलं.

"पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं, ते मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर..." त्यांनी टेबलावरची पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

खालून भिंगरीचा आवाज येत होता, "आई, बेचाळीस, बेचाळीस!" महिनाभर माझ्या आत जे काही सैरावैरा धावत होतं, ते अचानक थांबून या टेबलाशी येऊन बसलं. मी त्यांच्या कोटाकडे पाहिलं. काखेखाली, माझ्या दोऱ्यांच्या अगदी शेजारी, नवं गोल भोक पडलं होतं.

"हे पण कर्कटकानं?"

"हो. आठ दिवस झाले. रफूला आणायचं धाडस होत नव्हतं."

मी पेन्सिल बाजूला ठेवली. पर्समधून माझा पेन काढला, आणि तिसऱ्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: काहीही करू नये. पुन्हा पुन्हा होऊ द्यावी.

मग खाली सही केली. ही चूक मला कुणालाच खोडू द्यायची नव्हती.