मधल्या जागेतला आवाज

भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये.

हे माझ्या घरात घडलंय. परळला, भर दुपारी. गेल्या ऑक्टोबरातला रविवार होता, खाली नारळपाणीवाला ओरडत होता. यातला एक शब्द खोटा असेल तर माझी जीभ झडो.

मी दर्शना. हितेंद्रची दुसरी बायको.

पहिली सुचित्रा. ती आजारपणात गेली, मग काही वर्षांनी आमचं लग्न झालं. मी तिला कधी पाहिलं नाही.

ऐकलं मात्र रोज...

कारण हितेंद्रला स्पीकरचं वेड. हॉलमध्ये दोन उंच स्पीकर आणि समोर जुनी, रुंद आरामखुर्ची. तिघांत सारखं अंतर, स्पीकरची तोंडं खुर्चीकडे किंचित वळवलेली, फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा. केर काढताना धक्का लागला तरी हा घर डोक्यावर घेणार.

"दोन्ही बरोबर लागले ना दर्शना, की आवाज स्पीकरमधून येतच नाही. मधल्या रिकाम्या जागेत गाणारा उभा राहतो."

पण तो फक्त खुर्चीत बसणाऱ्यासाठी. मी बाजूच्या दिवाणावर. मला जवळचा एकच स्पीकर ऐकू यायचा.

आणि मध्ये उभं कोण राहायचं? सुचित्रा. चाळीच्या गणपतीत तिने गायलेला अभंग याने रेकॉर्ड करून ठेवलाय. डोळे मिटून म्हणायचा, "आली बघ. बरोब्बर मध्ये!"

माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

त्या रविवारी त्याने नवीन टूम काढली. आवाज भिंतीवर आपटून बिघडतो म्हणे. तो खुर्चीत बसला आणि मी भिंतीवरून आरसा सरकवत नेला. आरशात त्याला स्पीकर दिसला की तो म्हणणार, "थांब." तिथे काहीतरी जाड टांगायचं.

टांगलं काय? माळ्यावरची गोधडी. सुचित्राच्या साड्यांची.

"अरे, माझ्या आईने दिलेली गोधडी आहे की!"

"ही जाड आहे गं. उगाच डोकं नको खाऊस."

मग तो कसलीशी वायर आणायला दादरला गेला.

मी गोधडी खसकन ओढली, माळ्यावर कोंबली, वर बॅग ठेवली. म्हटलं, इथे आता माझ्या आईचीच लागणार. पण भिंतीवर लावलेली चिकटपट्टीची खूणही गोधडीबरोबर निघून आली होती. खुर्चीत बसायला कुणी नव्हतं, तरी अंदाजाने बघू म्हणून मी आरसा घेतला.

सरकवत होते...

नारळपाणीवाल्याचा आवाज थांबला.

खालचे हॉर्न थांबले. खिडकीतली कबुतरंही गप्प...

माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतला.

गाणं सुरू करण्याआधी घेतात, तसा...

"थांब."

बाईचा आवाज. ओळखीचा.

स्पीकर बंद होते. आणि आवाज मधल्या जागेतून आलाच नव्हता.

खुर्चीतून आला होता.

हातात आरसा होता. जरा मान वळवली असती तर खुर्ची दिसली असती. मी नाही बघितलं. आरसा भिंतीला उलटा टेकवला आणि अनवाणीच शेजारच्या रोशेलकडे पळाले. हितेंद्र येईपर्यंत तिथून हलले नाही.

त्याच्या मागोमाग घरात शिरले...

गोधडी खुर्चीवर अंथरलेली होती. कडा नीट खोचून.

"तू घातलीस? बरं केलंस," हितेंद्र म्हणाला आणि तिच्यावर बसला.

मी माळा बघितला. बॅग जागची हललेली नव्हती.

त्या दिवसापासून सुचित्रा मध्ये येत नाही. तिचा आवाज दोन स्पीकरांत फाटतो. हितेंद्र खुणा बदलून बदलून थकला. गोधडीला मात्र हात लावू देत नाही. "ऊब आहे गं हिला," म्हणतो.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो घाबरणार नाही. खूश होईल. मेला!

भीती वाटते का? वाटते. पण त्याहून जास्त जळफळाट होतो.

आजही संध्याकाळी त्याने अभंग लावला. मी दिवाणावरून बघत होते. एवढी रुंद खुर्ची, आणि हा एका कडेला अंग चोरून...

"नीट मध्ये बस की रे," मी म्हटलं.

"मध्येच बसलोय," तो म्हणाला.