गप्प बसवलेली ओळ

दाण्यातून एकदा गेलेलं विष परत कुठून येतं? सकाळपासून निहिराच्या डोक्यात हेच घोळत होतं.

भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांजवळ, म्हणजे भातखाचरांजवळ, तिच्या आत्याआजीची, डॉ. यमुना लांजेवारांची, बियाण्यांची प्रयोगशाळा होती. तिथे लाखोळी या कडधान्याच्या दोन वाणांची दोन पोती ठेवली होती. लाखोळी कमी पाण्यावर तगते, पण तिच्या दाण्यात विष असतं. महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. आत्याआजीचे आजोबा दुष्काळात ही डाळ खाऊन आयुष्यभर काठीवर चालले. म्हणून तिची चाळीस वर्षं या दाण्यापायी गेली.

गेल्या साली दोन्ही वाणांत विष नव्हतं. आज टिपणने, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या यंत्रमानवाने, तपासलं तर पहिल्या पोत्यात ते परतलेलं. दुपारी गावकरी बियाणं न्यायला येणार होते.

पोती सुट्टीत निहिरानेच भरली होती. भरताना साधी लाखोळी मिसळली असावी, असं टिपणने अदबीने सुचवलं. निहिराच्या मनात आलं: आत्याआजीच्या साऱ्या कष्टांवर आपण पाणी फिरवलं की काय?

आत्याआजी रागावली नाही. कीर्तनात टाळ धरणारी बाई ती. तिने निहिराला शेजारी बसवलं आणि कीर्तनाच्याच भाषेत सांगू लागली. प्रत्येक पेशीत एक पोथी असते, तिचं नाव डीएनए. तिच्यातली एकेक ओळ म्हणजे जनुक (एका कामाची सूचना). पोथी चौरंगावरून हलत नाही. हवी ती ओळ चिठ्ठीवर उतरवतात. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए (जनुकाची नक्कल). चिठ्ठी टाळकऱ्यांच्या हाती पडली की ते गातात. विषाची ओळ गायली गेली की दाण्यात विष तयार होतं.

"पहिल्या वाणाच्या पोथीत मी एक पहारेकरी लिहून ठेवला," ती म्हणाली. "विषाची चिठ्ठी निघाली की तो वाटेतच फाडतो. हे झालं जनुक गप्प करणं. दुसऱ्या वाणात मी थेट पोथीतली ओळच दुरुस्त केली. ते जनुक-संपादन."

निहिराने दोन्ही पोत्यांकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे पहिल्या पोथीत विषाची ओळ अजून तशीच आहे? आणि पहारेकऱ्याला झोप लागली तर?"

आत्याआजीने पहिल्या पोत्यातले चार दाणे हातावर घेतले.

"मी साधी लाखोळी मिसळली असेल," निहिरा पुढे म्हणाली, "तर तिच्यात पहारेकरी नसेलच ना? वाचून बघूया."

टिपणने पहिल्या पोत्यातले दहा विषारी दाणे निवडून त्यांच्या पोथ्या वाचल्या. तासाभराने उत्तर आलं. दहाही दाण्यांत पहारेकरी होता, पण त्याच्या ओळीवर शिक्का बसला होता. आत्याआजीने समजावलं, की बाहेरून आलेल्या ओळीवर झाड कधी कधी असा शिक्का मारतं. मग ती वाचली जात नाही. पहारा उठतो आणि टाळकरी जुनं पद पुन्हा धरतात.

निहिराचा जीव भांड्यात पडला. आत्याआजीने मात्र जुनी नोंदवही काढली. एका पानावर तिच्याच अक्षरात होतं: 'पहिला वाण. विष कायमचं गप्प.' तिने त्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि लिहिलं: 'चूक माझी. तीनच पिढ्या पाहून कायमचं लिहिलं.'

"पान फाडून टाक ना," निहिरा कुजबुजली.

"देवापुढे पद चुकलं तर आपण ते पुन्हा नीट म्हणतो, बाळा. म्हटलंच नव्हतं असं नाही सांगत."

दुपारी गावकरी आले तेव्हा आत्याआजीने स्वतःच सगळं सांगितलं आणि दुसऱ्या वाणाचं पोतंच तेवढं पुढे ठेवलं. एकच पोतं पाहून वाघाये बाबा कुरकुरले, की बाईंनी यंदा प्रसादाला हात आखडता घेतला. सगळे हसले. मग एकेक मूठ घेऊन गेले. पीक आल्यावर त्यातली चिमूटभर तपासायला आणायचं कबूल करून.

आत्याआजीने पेन निहिराच्या हातात दिलं. दुसऱ्या वाणाच्या आठ पिढ्यांत विष सापडलं नव्हतं, दुरुस्त ओळही जशीच्या तशी होती. निहिराने तसं लिहिलं. पुढे 'कायमचं' लिहावंसं वाटलं. ती थांबली, खिडकीतून बांध्यांकडे निघालेल्या माणसांकडे पाहिलं, आणि लिहिलं: 'नववी पिढी आज शेतात निघाली.'