टोपलीतली नोंद क्रमांक ४१७

आधी एक कोडं.

एक मूल आहे. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता ते पाव आणि तीन अष्टमांश यांची बेरीज चुटकीसरशी करतं. साडेपाचला त्याला बारा सत्ते किती विचारलं, तर ब्याण्णव म्हणतं. आणि सहा वाजता त्याच मुलाला सात आणि पाच मिळून किती तेही सांगता येत नाही. ते नुसतं पडद्यावरच्या बदकाला अठ्ठावीस वेळा बोट लावत बसतं. मंगळवारी पाचला पुन्हा अपूर्णांक. एकही चूक नाही.

असं मूल तुम्ही पाहिलंय? मी नाही पाहिलेलं. निहिराला मात्र ते सापडलं, तेही केराच्या टोपलीत.

निहिरा अकरा वर्षांची. तिचे आजोबा डॉ. हेमंत रणपिसे, मुलं यंत्रावर कशी शिकतात याचा अभ्यास करणारे संशोधक. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका धरणाच्या काठावरच्या गावांमध्ये एक हजार पडद्याच्या पाट्या वाटल्या होत्या. पाटीत पहिलीपासून आठवीपर्यंतचे धडे होते. मूल काय उत्तर देतं, किती वेळात देतं, हे सगळं पाटी गुपचूप टिपून ठेवायची. अशा टिपणांना विदा (अभ्यासासाठी गोळा केलेली माहिती) म्हणतात. त्या विदेवरून आजोबांनी निष्कर्ष काढला की पाटीवर शंभरातली नव्वद मुलं शिकतात. त्या नव्वदाने आजोबांना नाव मिळवून दिलं आणि एक जड पितळी ढालही दिली. आजी होती तोवर ती ढाल, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेली असायची.

आता राज्यातल्या सगळ्या शाळांसाठी एक नवं शिकवणारं यंत्र तयार होत होतं. शिकवायचं तर आधी शिकावं लागतं, हे यंत्रालाही चुकलेलं नाही. आणि ते शिकणार होतं आजोबांच्या त्या जुन्या विदेवरून. शुक्रवारी आजोबांनी सही केली की काम सुरू.

बुधवारी निहिरा त्यांच्या जुन्या संगणकाशी खेळत होती. त्यात आजोबांनीच बनवलेला एक बोलका मदतनीस होता. विदेतला कचरा काढणं हे त्याचं काम, म्हणून त्याचं नाव झाडूराव.

"झाडूराव, ही टोपली कसली?"

"केराची, ताई. वगळलेल्या नोंदी. हजारातल्या चारशे."

"चारशे? का वगळल्या?"

"काही अर्धवट. काही विक्षिप्त (इतरांपेक्षा फारच वेगळ्या). उदाहरणार्थ, नोंद चारशे सतरा. वगळण्याचं कारण : मूल असं वागत नाही."

निहिरा हसली. "तुला रे काय माहीत मूल कसं वागतं?"

"साहेबांनी शिकवलं तेवढं माहीत आहे," झाडूराव नम्रपणे म्हणाला.

मग निहिराने ती नोंद वाचली. पाच वाजताचं हुशार मूल, साडेपाचचं गोंधळलेलं मूल, सहाचं बदकवालं मूल. तिने दोनदा वाचली. हसू ओसरलं.

"पाटी अजून काय टिपायची?"

"बोट टेकलं की त्या ठशाची रुंदी. ती कधी कुणी मागितली नाही."

"मी मागते."

पाच वाजताचं बोट नऊ मिलिमीटर. साडेपाचचं आठ. सहाचं सहा. मंगळवारी तेच, बुधवारी तेच, सलग चार महिने तेच.

निहिराने स्वतःचं बोट पट्टीवर ठेवून पाहिलं आणि जोरात हाक मारली, "आजोबा! माणसाचं बोट तासाभरात बारीक होतं का?"

आजोबा चहाचा कप घेऊन आले. त्यांनी पडद्यावरचे तीन आकडे पाहिले. कप तसाच हातात राहिला.

"तीन मुलं आहेत," ते हळू म्हणाले. "एका पाटीवर तीन भावंडं. पाळीपाळीने."

"तुम्हाला तेव्हा कळलं नाही?"

"मी एका पाटीला एक मूल धरलं होतं. आमच्या घरी माझं दप्तर वेगळं, दादाचं वेगळं. मला वाटलं, सगळ्यांकडे तसंच असणार." ते खाली बसले. "झाडूरावाला मीच सांगितलं होतं, जे नीट जुळत नाही ते काढून टाक."

"पण नव्वद टक्के बरोबर होतं ना?"

आजोबा म्हणाले, "समज, लग्नात शंभर माणसं जेवायला आली. चाळीस जणांना पंगतीत जागाच मिळाली नाही, ते उपाशी परत गेले. जेवण झाल्यावर मी उरलेल्या साठ जणांना विचारलं, जेवण कसं होतं? चोपन्न जण म्हणाले, झकास. साठातले चोपन्न म्हणजे किती टक्के?"

निहिराने मनात हिशेब केला. "नव्वद."

"आणि आलेल्या शंभरांतले?"

"चोपन्नच." ती म्हणाली. "परत गेलेल्यांना कुणी विचारलंच नाही."

"याला निवडीचा दोष म्हणतात. जे टिकले त्यांनाच मोजायचं आणि तेच सगळ्यांचं म्हणून सांगायचं. मी खोटं बोललो नाही गं. फक्त पंगतीत उरलेल्यांनाच विचारलं. आणि इथे तर एकेका पानावर तीन-तीन जण जेवत होते. खरी मुलं किती होती, तेही मला माहीत नाही."

चहा गार झाला होता. आजोबांनी तो तसाच पिऊन टाकला, औषधासारखा.

"एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक," ते म्हणाले. "माझा अहवाल वाचून पुढच्या वर्षी पाटीला कुलूप बसवलं. चेहऱ्याचं कुलूप. ज्याच्या नावावर पाटी, त्याचाच चेहरा दिसला तर चालणार. मीच सुचवलं होतं. विदा स्वच्छ यावी म्हणून. वाटलं, मोठी माणसं पाटीशी चाळा करून ती बिघडवत असतील."

नोंद ४१७ ची पाटी ओंकार नगरे, इयत्ता चौथी, गाव बोरखडी, याच्या नावावर होती. पाढ्यांच्या वयाचा, म्हणजे साडेपाचचं बोट. मग पाच वाजताचं कुणाचं?

गुरुवारी सकाळच्या गाडीने दोघं बोरखडीला गेली. धरणाच्या पाण्याकाठी चौकशी केली तर लोकांनी धक्क्याकडे बोट दाखवलं. तिथे उन्हावर चालणारी पांढरी होडी उभी होती आणि चाळिशीची एक बाई दोर गुंडाळत होती. ओंकारची थोरली बहीण, कोमल. शाळेची मुलं रोज पलीकडे नेणं-आणणं हे तिचंच काम.

आजोबांनी ओळख सांगितली. पाटीचं नाव काढताच ती हसली.

"ती पाटी व्हय? लई भांडणं केली आम्ही तिच्यापायी. पाच वाजता माझी पाळी, मग ओंक्याची, मग गुड्डीची. गुड्डी नुसती बदकाला टोचायची."

"अठ्ठावीस वेळा," निहिरा म्हणाली.

"तुला गं कसं ठाऊक?"

"मावशी, कुलूप बसल्यावर काय केलंत?"

"काय करणार? ओंक्याला समोर बसवायचं, त्याचं थोबाड दिसलं की पाटी उघडायची. मग मी बाजूनं गणितं करायची. त्याला बसायला मूठभर शेंगदाणे द्यावे लागायचे. शेंगदाणे संपले की हा उठला. हा उठला की पाटी काळी, गणित अर्धंच." ती दोर गुंडाळत राहिली. "चौदाव्या धड्यापर्यंत रेटलं. अपूर्णांकांचा. मग पाटीवर आलं, तुमची प्रगती समाधानकारक नाही. मी म्हटलं, आपल्यालाच येत नसंल."

"शाळा?" आजोबांनी विचारलं.

"शाळा पल्याड. पाट्या आल्या, मुलं घरीच शिकत्यात म्हणले, आन् तवाची शाळेची होडी बंद केली."

आजोबांना हे माहीत नव्हतं. अहवालात होडीचा रकानाच नव्हता.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. टोपली, झाडूराव, बोटांचे ठसे. "कोमल, पाच वाजताची चार महिन्यांची सगळी गणितं मी काल रात्री तपासली. शंभरात सत्त्याण्णव बरोबर. त्या हजारात तुझ्यासारखी वीससुद्धा नव्हती."

दोर तिच्या हातातच राहिला.

"म्हंजे मी ढ नव्हते?"

"नव्हतीस."

पाणी धक्क्याला लागून चुळुकचुळुक करत होतं. ती म्हणाली, "हे सांगायला तुम्ही लौकर यायला पायजे होतं, सर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आजोबांना सोपं गेलं असतं.

"हो," ते म्हणाले. "यायला हवं होतं."

सही त्यांनी केलेली नव्हती. टोपलीतल्या चारशे नोंदींसकट विदा घ्या, आणि त्या मुलांना आधी भेटून या, असं पत्र यंत्र बनवणाऱ्यांना सकाळीच धाडलं होतं. ते ऐकतील की दुसऱ्या कुणाची नव्वद टक्क्यांची विदा घेतील, ते आजोबांना माहीत नव्हतं. निहिराने तेवढ्यात एक काम मात्र उरकलं होतं. झाडूरावाच्या नियमांतली 'मूल असं वागत नाही' ही ओळ तिने काढली होती. त्या जागी लिहिलं होतं, 'हे मूल असं का वागतं? विचारून ये.' झाडूराव म्हणाला होता, "ताई, याला फार वेळ लागेल." "लागू दे," ती म्हणाली होती.

कोमलने दोर खाली ठेवला. "सर, पंधराव्या धड्यात काय होतं हो? कधीतरी मनात येतं. पोरं होडीत गणितं पाठ करत्यात तेव्हा."

आजोबा धक्क्याच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं यंत्रांना शिकवणारा माणूस, समोर बसून कुणाला शिकवायचं म्हणताच चाचपडायला लागला.

"अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायचं. म्हणजे असं बघ, पाऊण भागिले पाव. पाऊणमध्ये पाव किती वेळा—"

"तीन," कोमल म्हणाली.

आजोबांनी खिशातून काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

"पाऊण किलो मासळीचे पाव-पावाचे वाटे. तीन. हे तर मी रोज बाजारात करायची, आईसंगं." तिने आजोबांकडे पाहिलं. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं."

पलीकडच्या काठावर शाळा सुटल्याची घंटा झाली. कोमलने मोटर सुरू केली, होडी धक्क्यापासून हातभर सरकली. मग तिने सुकाणू वळवून होडी पुन्हा धक्क्याला लावली.

"बसा दोघं. पल्याड जायला वीस मिन्टं लागत्यात," ती म्हणाली. "सोळावा सांगा."