चोविसाव्या तत्त्वाखालची ओळ

ईश्वरी नेरूळच्या त्या टायपिंगच्या दुकानात शिरली ती निव्वळ योगायोगाने... नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून.

"मराठी टायपिंग होईल ना? पुस्तिका आहे. समलिंगी माणसांचे हक्क आणि आंतरराष्ट्रीय कायदा."

दुकान चालवणाऱ्या नमिताने झटकन मान वर केली. "होईल की," ती म्हणाली आणि उगाचच कीबोर्ड पुसायला लागली.

या धंद्यातली रीत अशी, की एकीने टाइप केलेलं मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने मूळ प्रतीवर बोट फिरवत ताडून बघायचं. तीन आठवडे दोघी तशा शेजारी-शेजारी बसल्या. नमिता वाचायची खरी, पण तिचं सगळं लक्ष त्या बोटाकडे!

"मॅडम, स्वल्पविराम खाल्लात."

"भूक लागली होती," नमिता म्हणायची, आणि ईश्वरी खुदकन हसायची.

आज मात्र शेवटचं प्रकरण होतं. उद्यापासून ईश्वरीला यायला कारण उरणार नव्हतं, आणि रविवारी उरणचे पाहुणे नमिताला बघायला येणार होते. सत्तर पानं भरून हक्क टाइप केले, पण घरात तोंड उघडायची हिंमत झाली नाही, याची तिला मनापासून लाज वाटत होती.

"वाच," ईश्वरी म्हणाली.

"जगभरच्या कायदेपंडितांनी मांडलेली योग्यकार्ता तत्त्वं. तत्त्व चोविसावं," नमिता वाचू लागली. "प्रत्येकाला कुटुंब स्थापन करण्याचा हक्क आहे..." तिने स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "आणि नमिताला ते ईश्वरीबरोबर करायचंय."

बोट थांबलं. मागे गेलं, पुढे आलं.

"हे... माझ्या प्रतीत नाहीये."

"ठाऊक आहे. ते माझं आहे. खोडायचं असेल तर — खोड."

ईश्वरीचे कान लालबुंद झाले. तिने लाल पेनाला टोपण लावलं. "दोन वर्षं जगभरचे करार वाचतेय गं. माझा हक्क लिहिलेला सापडला. पण मला कुणी विचारलंच नव्हतं."

"आता विचारलं की."

"मग हो. अगं, हो म्हणजे हो!"

नमिताला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. ती मागच्या दाराकडे वळून ओरडली, "आये! रविवारच्या पावन्यांना सांग, येऊ नका!"

"का गो? काय झायलं?" दुकानामागच्या घरातून तिच्या आईचा, गोजराबाईंचा आवाज आला.

नमिताने ईश्वरीचा हात घट्ट धरला.

"भायेर ये. माज्या मानसाशी वलख करून देते."